व्हिडिओसाठी मोकळं ऑडिओ कुठं शोधायचं आणि काय तपासून घ्यायचं

गॅदरिंगचे दिवस आले की मला फोन सुरू होतात. शाळेतले सर, मंडळाची पोरं, परवा तर शेजारच्या काकूसुद्धा, सगळ्यांचा प्रश्न एकच, "अगं ते कॉपीराइट नसलेलं म्युझिक कुठनं घेतेस गं तू?" फोनवर सांगून संपत नाही म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढतेय. मी सांगलीत व्हिडिओ एडिटिंग करते, लग्नाचं, संस्थांचं, अधनंमधनं गावाच्या जुन्या गोष्टींवर छोट्या फिल्म, त्यामुळं रोज कुठला ना कुठला आवाज शोधायचाच असतो.

सगळ्यात आधी एक सांगते. फुकट डाउनलोड होतंय म्हणून ते वापरायला मोकळं असतंच असं नाही. हे मला फार वाईट पद्धतीनं कळलं. महापुराच्या आठवणींवर आम्ही एक बारा मिनिटांची फिल्म केली होती, घरात पाणी शिरलं तेव्हा काय काय झालं ते लोकांनी सांगितलेलं, आणि त्यामागं मी बासरी लावली, "नो कॉपीराइट" असं ठळक लिहिलेल्या एका चॅनेलवरनं घेतलेली. चार महिन्यांनी क्लेम, म्हणजे "हा आवाज आमचा आहे" असा दावा, आला आणि पूर्ण फिल्मचा आवाज बंद झाला. त्यात एका आजींचं बोलणं होतं, त्या तोपर्यंत गेल्या होत्या, दिवसकार्याला जमलेल्या घरच्यांनी लिंक उघडली तर आजींचे नुसते ओठ हलताना दिसले. माझ्याकडं मूळ फाइल होती, मी रातोरात बासरी काढून परत एक्स्पोर्ट करून दिली, पण त्या दिवशीचं ते अजून मनातनं जात नाही. नंतर शोधलं तर बासरी वाजवणारा माणूस तिसराच निघाला, चॅनेलवाल्यानं त्याची ट्यून परस्पर उचलून स्वतःचा शिक्का मारलेला. तेव्हापासनं मूळ कुणाचं आहे ते कळल्याशिवाय मी फाइल टाइमलाइनवर घेत नाही.

आता जरा कायद्याचं, कंटाळा करू नका, हे एकदा डोक्यात बसलं की पुढं सगळं सोपं जातं. एका रेकॉर्डमध्ये वेगवेगळे हक्क असतात. रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, गाण्याच्या शब्दांचा वेगळा आणि चालीचा वेगळा. आपल्याकडं १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, त्यात रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशित झाल्याच्या पुढच्या वर्षापासनं ६० वर्षं चालतो. म्हणजे १९६५ साली बाजारात आलेली रेकॉर्ड १ जानेवारी २०२६ ला मोकळी. शब्द आणि चाल यांचा हिशेब मात्र माणसावर असतो, लिहिणारा किंवा चाल लावणारा वारला की त्याच्या पुढच्या वर्षापासनं ६० वर्षं.

आपल्या सांगलीचंच उदाहरण घ्या. संगीत मानापमान हे नाटक १९११ चं, लिहिलं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी, ते सांगलीचेच, १९४८ ला वारले. म्हणजे त्यांच्या पदांचे शब्द १ जानेवारी २००९ पासनं मोकळे. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, ते १९५५ ला गेले, त्यामुळं चाली १ जानेवारी २०१६ पासनं मोकळ्या. आता समजा १९३० च्या आसपासची मानापमानातल्या पदाची तबकडी तुम्हाला मिळाली, तर रेकॉर्डिंगचा हक्कही कधीच संपलाय. तिन्ही कुलपं उघडली, भारतात ते पद तुम्ही बिनधास्त वापरा. पण तेच पद कुणी मागच्या पाचपंचवीस वर्षांत स्टुडिओत नव्यानं गाऊन रेकॉर्ड केलं असेल तर शब्द आणि चाल मोकळी असूनही ते रेकॉर्डिंग त्या कंपनीचं आहे, त्याला हात लावायचा नाही.

याच्या उलट चूक अभंगाच्या बाबतीत होते आणि जवळपास सगळे करतात. "तुकोबांच्या अभंगाला कसला आलाय कॉपीराइट?" शब्दांना नाहीच आहे, बरोबर. पण आपण रेडिओवर ऐकत मोठे झालो ते बरेचसे अभंग विसाव्या शतकातल्या संगीतकारांनी चाल लावलेले आहेत, ती चाल त्या संगीतकाराची आणि रेकॉर्डिंग कंपनीचं. वारीच्या व्हिडिओमागं असला अभंग लावला की क्लेम येतो तो ह्यामुळं. त्यापेक्षा गावातल्या भजनी मंडळाला परंपरेतल्या चालीत अभंग म्हणायला सांगा आणि त्यांना विचारून मोबाइलवर रेकॉर्ड करा, मी तर आता तेच करते, आणि खरं सांगायचं तर व्हिडिओला त्याचा आवाज जास्त शोभतो.

शाळांसाठी एक सूट आहे ती सरांना माहीत असू दे. शाळेच्या कार्यक्रमात प्रेक्षक फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित माणसं असतील तर रेकॉर्ड केलेलं गाणं वाजवायला कायद्यातच मुभा दिलेली आहे. पण ती मुभा हॉलपुरती. तोच डान्स गाण्यासकट नेटवर चढवला की सूट संपली, आणि घोटाळा नेमका तिथंच होतो कारण दुसऱ्या दिवशी पालकांना लिंक हवी असते.

आता अमेरिकेचं का बोलायचं, तर बहुतेक साइट तिकडच्या आहेत म्हणून. तिकडं जुन्या रेकॉर्डिंगसाठी २०१८ ला नवीन कायदा झाला. त्याप्रमाणं १९२३ च्या आधीची सगळी रेकॉर्डिंग १ जानेवारी २०२२ ला एकदम मोकळी झाली, आणि १९२३ ते १९४६ मधली प्रकाशित झाल्यापासनं १०० वर्षं धरली जातात. म्हणजे १९२४ ची २०२५ मध्ये मोकळी झाली, १९२५ ची २०२६ मध्ये, असं दरवर्षी एक एक वर्ष पुढं सरकतं. त्यामुळं आपली १९३० ची तबकडी भारतात मोकळी आणि अमेरिकेत अजून बांधलेली, असं होतं. म्हणून माझी सवय अशी आहे की फिल्म फक्त इथं हॉलमध्ये दाखवायची असेल तर भारताचा हिशेब बघते, नेटवर जाणार असेल तर दोन्ही बघते.

आता कुठं शोधायचं.

जुन्या तबकड्यांसाठी मी पहिल्यांदा इंटरनेट आर्काइव्हवर जाते. तिथं ऑडिओ विभागात जाऊन नाव टाकायचं आणि डाव्या बाजूला वर्ष, भाषा असले फिल्टर लावायचे. मराठी नावं शोधताना चिकाटी लागते कारण प्रत्येकानं इंग्रजीत वेगळं स्पेलिंग लिहिलेलं असतं. आमच्या मिरजेच्या खाँसाहेब अब्दुल करीम खाँचं नाव मी चार पाच तऱ्हेनं टाकून बघते, करीममध्ये एक आय, मग दोन ई, मग अब्दुल आणि करीम जोडून, आणि दरवेळी नवीन काहीतरी वर येतं. नाट्यसंगीत एक शब्द करून बघा, दोन करून बघा, नाट्यगीत टाकून बघा, आणि देवनागरीत पण एकदा टाका. खाँसाहेब १९३७ ला वारले, त्यांच्या १९३० च्या दशकातल्या तबकड्यांची रेकॉर्डिंग भारतात कधीच मोकळी झालीत. हेडफोन लावून ऐका कधी, सुई टेकल्याचा खर्र आवाज येतो आणि त्या खरखरीतनं तो बारीक, धारदार सूर असा वर येतो की हातातलं काम थांबतं. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन साडेतीन मिनिटं मावायची, तेवढ्यात अख्खा राग उभा केलेला असतो.

पण आर्काइव्हवर आहे म्हणून मोकळं असं समजू नका. तिथं कुणीही अपलोड करू शकतं आणि लायसन्सही अपलोड करणाराच निवडतो. त्यांच्या ७८ आरपीएम तबकड्यांच्या प्रोजेक्टवर तर मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी २०२३ ला केस घातली होती. म्हणून फाइलच्या पानावर युसेज अशी ओळ असते ती वाचायची, ती नसेल तर रेकॉर्डचं लेबल बघायचं, बऱ्याचदा लेबलचा फोटो लावलेला असतो, त्यावर कंपनी आणि नंबर असतो, त्यावरनं साल शोधायचं आणि वर सांगितलेला हिशेब स्वतः करायचा. तबकडीवरनं थेट उतरवलेली फाइल घ्या, एखाद्या नव्या सीडीवरनं साफसूफ केलेली घेऊ नका, कारण त्या सीडीवाल्यांचा क्लेम येण्याची शक्यता जास्त.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं नॅशनल ज्यूकबॉक्स म्हणून आहे, २०११ पासनं चालू आहे, त्यात व्हिक्टर कंपनीच्या जुन्या रेकॉर्ड मोठ्या संख्येनं आहेत, बँड, भाषणं, विनोदी संवाद, सगळं. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा विद्यापीठाकडं तर मेणाच्या सिलिंडरवरची हजारो रेकॉर्डिंग उतरवून ठेवलीत. आपल्या कामाला मराठी काही मिळत नाही तिथं, पण शंभर वर्षांपूर्वीचं वातावरण दाखवायचं असेल, कुठं सर्कस दाखवायची असेल, तर बँडचे तुकडे छान बसतात. आणि साल स्पष्ट लिहिलेलं असतं, ती मोठी सोय.

भाषेची आवड असेल त्यांनी शिकागो विद्यापीठाची डिजिटल साउथ एशिया लायब्ररी बघा. ग्रियर्सन साहेबांनी भारतातल्या भाषांची पाहणी केली होती, तेव्हा ग्रामोफोनवर वेगवेगळ्या भाषांतले नमुने रेकॉर्ड झाले, त्यात बायबलमधली उडाऊ मुलाची गोष्ट लोकांनी आपापल्या बोलीत सांगितलीय. एकच गोष्ट इतक्या बोलीत ऐकताना माझा एक रविवार कसा गेला कळलं नाही.

सगळ्यात निर्धास्त जागा म्हणाल तर विकिमीडिया कॉमन्स. तिथं मोकळ्या लायसन्सचीच फाइल ठेवून घेतात, शंका आली तर बाकीचे लोक चर्चा करून काढून टाकतात. सर्चमध्ये ऑडिओ हा टॅब निवडायचा, लायसन्सचा फिल्टरही असतो. राष्ट्रगीतं, वाद्यांचे नमुने, शब्दांचे उच्चार, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत भरपूर. फाइल ओजीजी किंवा ओपसमध्ये मिळाली आणि तुमच्या मोबाइलच्या ॲपमध्ये घेतली नाही तर घाबरू नका, ऑडॅसिटी म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात उघडायची आणि वेव्हमध्ये एक्स्पोर्ट करायची.

गोष्टी हव्या असतील तर लिब्रिव्हॉक्स. २००५ पासनं जगभरातले लोक आपापल्या घरी बसून जुनी पुस्तकं मोठ्यानं वाचतात आणि ते वाचन पब्लिक डोमेनमध्ये, म्हणजे कुणालाही वापरायला मोकळं, टाकतात. इंग्रजीच जास्त आहे. कॉलेजच्या पोरांना इंग्रजी ऐकायची सवय लागायला मी हेच सांगते, पुस्तक आर्काइव्हवर उघडून समोर ठेवायचं आणि कानात वाचन लावायचं.

पाऊस, दार, पायांचे आवाज, एसटी स्टँडचा गोंगाट, बैलाच्या गळ्यातल्या घंटा, असल्या आवाजांसाठी फ्रीसाउंड. बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठानं ती साइट सुरू केली. ऐकायला काही लागत नाही, डाउनलोडला खातं उघडावं लागतं, फुकट आहे. सर्च केल्यावर बाजूला लायसन्स दिसतात, त्यातलं सीसी झिरो, म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स या तयार परवानग्यांमधलं सगळ्यात मोकळं लायसन्स, निवडलं की काम झालं, कुणाचं नाव द्यायचीही सक्ती नाही, कमाईच्या व्हिडिओलाही चालतं. मी "टेंपल बेल इंडिया" टाकून बघते, मग नुसतं "बेल ब्रास", मग "पत्र्यावरचा पाऊस" इंग्रजीत. फाइलखाली रेकॉर्ड करणाऱ्यानं कुठला माइक, कुठलं गाव, किती वाजता असं लिहिलेलं असतं, ते वाचा, कारण युरोपातल्या चर्चची घंटा आपल्या गणपतीच्या देवळामागं लावली की ज्याला कान आहे त्याला लगेच खटकतं.

बीबीसीची साउंड इफेक्टची लायब्ररी पण फार मोठी आहे, पण ती फक्त वैयक्तिक, शिक्षण आणि संशोधनासाठी, पैसे मिळवायच्या कामाला नाही. लग्नाच्या व्हिडिओचे तुम्ही पैसे घेताय म्हणजे ती तुमच्यासाठी नाही. नासाचे चांद्रमोहिमांचे आवाज साधारणपणे मोकळे असतात, विज्ञान प्रदर्शनाला मस्त, फक्त नासानं तुम्हाला पाठिंबा दिलाय असं भासवायचं नाही. आणि नुसतं यूट्यूबसाठी पटकन काहीतरी हवं असेल तर यूट्यूब स्टुडिओमध्येच ऑडिओ लायब्ररी असते, तिथं नाव द्यायची गरज नसलेल्या ट्यून वेगळ्या काढता येतात. काकूंच्या रेसिपीच्या व्हिडिओला मी तेच दाखवून दिलं, दहा मिनिटांत शिकल्या.

आता लायसन्सची अक्षरं, कारण इथं शिकलेली माणसं पण चुकतात. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या पुढं बीवाय लिहिलं असेल तर बनवणाऱ्याचं नाव द्यायचं. एनसी म्हणजे धंद्याला नाही. एसए म्हणजे तुम्ही त्यातनं जे बनवाल ते पण त्याच लायसन्सखाली द्यायचं. एनडी म्हणजे त्यात बदल करायचा नाही, आणि यातली मेख अशी की व्हिडिओच्या चित्राला जुळवून संगीत लावणं हा सुद्धा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या हिशेबानं बदलच धरला जातो. म्हणजे एनडी लिहिलेलं गाणं तुम्ही जसंच्या तसं, एक सेकंद न कापता व्हिडिओमागं लावलं तरी चालत नाही. हे मला कळायला बरीच वर्षं गेली.

याचं आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांत फिरून, बायकांबरोबर बसून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्या कितीतरी त्या बायकांच्याच आवाजात आहेत आणि पारी या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहावर ऐकायला मिळतात. मी तुम्हाला हात जोडून सांगते, ऐका एकदा. जात्याची घरघर चालू आहे आणि त्यावर बाई आईबद्दल, भावाबद्दल, सासरबद्दल गातेय, माझी आजी अशीच गायची आणि आम्ही कुणी ते रेकॉर्ड केलं नाही. पण पारीवरचं साहित्य एनसी आणि एनडी या अटींवर आहे. ऐकायला, शेअर करायला, वर्गात दाखवायला मोकळं, उचलून तुमच्या रीलमागं लावायला नाही. लावायचंच असेल तर त्यांना मेल करून विचारायचं, कुठल्या कामासाठी, किती सेकंद, पैसे मिळणार का नाही, गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव कसं देणार, हे सगळं स्वच्छ लिहायचं. विचारायला संकोच कसला?

पक्ष्यांच्या आवाजांसाठी झेनो कँटो ही साइट. महाबळेश्वरकडचा एक व्हिडिओ करत होते, पहाटेचं धुकं होतं आणि मला तो शीळ घालणारा कस्तूर हवा होता, माणूस निवांत शीळ घालत चाललाय असं वाटतं तो पक्षी. शास्त्रीय नाव मायोफोनस हॉर्सफिल्डाय, ते टाकलं की एकदम यादी आली, प्रत्येक रेकॉर्डिंगपुढं ठिकाण, तारीख, गाणं आहे का नुसती हाक, आणि आवाजाचा दर्जा ए ते ई. पण लायसन्स प्रत्येकाचं वेगळं आणि बहुतेकांना एनसी लागलेलं. माझं काम पैसे घेऊन होतं, म्हणून मी एका रेकॉर्डिस्टला निरोप पाठवला, त्यांनी दोन दिवसांत हो म्हटलं, फक्त नाव द्या म्हणाले.

सगळं नीट करूनही क्लेम येऊ शकतो हे मनात ठेवा. यूट्यूबची कॉन्टेंट आयडी ही यंत्रणा आवाज जुळवून बघते, कायदा बघत नाही. तुम्ही मोकळी तबकडी लावली आणि कुणी तीच तबकडी आपल्या कॅटलॉगमध्ये घातलेली असेल तर जुळणारच. अशा वेळी घाबरून व्हिडिओ काढू नका, डिस्प्यूट करायचं, म्हणजे क्लेमवर हरकत घ्यायची, आणि तिथं थोडक्यात लिहायचं की रेकॉर्डिंग अमुक साली प्रकाशित झालं, गीतकार अमुक साली वारले, संगीतकार अमुक साली, फाइल इथनं घेतली. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. पण हे तेव्हाच करायचं जेव्हा तुमचा कागद पक्का असेल, नुसतं "मी क्रेडिट दिलंय" म्हणून डिस्प्यूट टाकू नका, क्रेडिट दिल्यानं परवानगी मिळत नाही.

कागद पक्का म्हणजे काय, तर मी प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल ठेवते. त्यात आवाजाचं नाव, बनवणारा, लिंक, लायसन्स, डाउनलोडची तारीख, आणि ज्या पानावर लायसन्स लिहिलंय त्याचा स्क्रीनशॉट शेजारी. स्क्रीनशॉट का, तर माणसं मागनं लायसन्स बदलतात किंवा फाइलच काढतात. व्हिडिओखाली लिहायची ओळही मी त्याच फाइलमध्ये तयार करून ठेवते, म्हणजे अपलोडच्या घाईत विसरत नाही.

खरखर काढायची असेल तर ऑडॅसिटीत सुरुवातीचा नुसत्या खरखरीचा एखादा सेकंद सिलेक्ट करून नॉइज प्रोफाइल घ्यायचं, मग अख्खा ट्रॅक निवडून नॉइज रिडक्शन, आणि पट्टी अगदी थोडीच सरकवायची. जास्त ओढली की आवाज पाण्याखालनं आल्यासारखा होतो आणि तंबोऱ्याचा झंकार पहिल्यांदा मरतो. मूळ फाइल मात्र जशी आहे तशी वेगळी ठेवा.

मिळत नाहीत ते आवाज आपणच करायचे. हरिपूरला कृष्णा वारणेच्या संगमावर संध्याकाळी पाणी कसं वाजतं, गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळताना कसा रटरटतो, मिरजेत तंबोऱ्याला जवारी, म्हणजे तारेचा झंकार, काढताना कारागीर तार छेडून परत परत कसा कान लावतो, हे मला अजून कुठल्या साइटवर सापडलेलं नाही. मागच्या महिन्यात मिरजेच्या एका कारागीर काकांना विचारलं, "काका, रेकॉर्ड करू का, नेटवर सगळ्यांसाठी ठेवायचंय." ते म्हणाले, "कर की, पण पंखा बंद कर आधी, त्याची घरघर येईल." पंखा बंद केला, मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकला, तंबोऱ्यापासनं हातभर लांब घडी केलेल्या रुमालावर ठेवला आणि चार मिनिटं कुणी बोललो नाही. दोऱ्याचा तुकडा घोडीवर तारेखाली सरकत गेला तसा सूर हळूहळू उघडत गेला, ते सगळं त्यात आलंय. वेव्ह फाइल केलीय, काकांनी सीसी झिरोला होकार दिलाय, त्यांची वर्णनाची दोन वाक्यं मराठीत टाइप करून झाली की या रविवारी कॉमन्सवर चढवते.